वासितीसाठी कोण बोलणार

बेटावरच्या नांदी शहराजवळच्या एका हॉटेलच्या धुलाईखात्यात वासितीला अकरा वर्षं झाली होती. चादरीवरचा पपईचा डाग कशाने निघतो, कुठला आवाज आला की बॉयलर बंद करायचा, सगळं तिला ठाऊक. सुपरवायझरची जागा रिकामी झाली, तेव्हा तिला हुद्द्याचं अप्रूप नव्हतं. त्या जागेला कायमची दिवसपाळी होती. नऊ वर्षांची सेरेआना दम्याची. रात्री आई कामावर, पोर शेजारणीकडे, उशाशी पंप. प्रत्येक रातपाळीत वासितीचा अर्धा जीव तिकडेच असायचा.

मॅनेजरबाई ऑस्ट्रेलियन. निवड करण्याआधी कुणी काय केलं ते सगळ्यांसमोर विचारणार होत्या. पण आपणच आपलं कौतुक करायचं? वासितीच्या गावात हे कुणी करत नसे. माणसाने मान खाली घालून बसायचं, त्याच्यासाठी दुसऱ्याने बोलायचं. म्हणून तिने उनाईसीला गळ घातली. उनाईसी तिच्याच गावची, तिनेच कामाला लावलेली.

"ताई, तू नुसती बस. वादळात तू चादरी कशा वाळवल्यास, ती गोष्ट अशी सांगते की बाई खुर्चीतून उठतील."

"फार फुगवू नकोस हं."

"तुला आणखी काय फुगवायचं? दारातून मावतेस कशीबशी!"

दोघी पोट धरून हसल्या.

सभेत उनाईसी उभी राहिली. "वादळात वीज गेली, तेव्हा जेवणघरात दोऱ्या बांधून चादरी वाळवायचं मी ठरवलं."

घाबरून चुकली असेल, वासितीला वाटलं. आता सुधारेल. उनाईसी बोलतच राहिली. मी शिकवलं, मी सांभाळलं. वासितीकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"वासिती, तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

परक्यांसमोर गावच्या पोरीला खोटं पाडायचं? वासितीने नुसती मान हलवली. नाही.

सोमवारी नव्या सुपरवायझरने पाळ्या लावल्या. वासितीला रात्र. "रात्री विश्वासाचं माणूस हवं ना, ताई."

पुढच्या रविवारी उनाईसी वासितीच्या दारात आली, सोबत तिचे तेविता मामा आणि यंगोनाची, म्हणजे ज्यांचं पेय करतात त्या मुळांची, जुडी. मामांनी जुडी चटईवर ठेवली, घसा खाकरला. अशी जुडी समोर आली की हात लावायचा आणि माफ करायचं, हे लहान पोरांनाही माहीत.

"आमच्या पोरीकडून चूक..."

"मामा, थांबा. तिला बोलता येतं. मी ऐकलंय."

उनाईसी चटईकडे बघत राहिली.

"बोल की. तेव्हा कशी घडाघडा बोललीस! आता मामा कशाला लागले?"

आत सेरेआना खोकत होती. उनाईसीने जुडी थोडी पुढे सरकवली.

"पोरी, हात लाव," मामा हळूच म्हणाले. "रीत आहे."

"रीतच पाळली होती मामा, त्या दिवशी सभेत."

रातपाळीच्या कामगारांची बस सातला होती. वासितीने सेरेआनाचा पंप पिशवीत टाकला, तिचा हात धरला आणि जुडीला वळसा घालून ती शेजारणीच्या दाराकडे निघाली.