ताटावरचा हात

आणीबाणी उठल्यानंतर दोन वर्षं मी भंडाऱ्याच्या एस.टी. स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो. समोर रोज एक वाळलेले म्हातारे गृहस्थ बसत. कंपवातानं त्यांचा उजवा हात सारखा हलायचा आणि आवाज इतका बारीक झालेला, की गर्दीत ऐकूच येत नसे. भात वाढणारा ताटावर हलणारा हात बघून पुढे जाई. नको म्हणायची खूण आपल्याकडे तशीच. मीही त्यांना अल्पाहारी समजत होतो.

एकदा तो हात मांडीखाली दाबून, माझ्याकडे वाकून ते म्हणाले, "बाबू, तुम्हीच आवाज द्या त्याले. मले भूक हाय. हा हातच नको म्हणून राहिला."

त्या दिवशी त्यांनी सांडत-सांडत तीनदा भात घेतला.

दोन वर्षं मी त्यांच्यासमोरून ढेकर देत उठत होतो.