आपला चिखल आपल्या बांधीत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोकांनी बैलबंडी आडवी लावली, त्या सकाळी ते ट्रॅक्टर थांबवून उतरले, पाना काढला आणि चाकाशी उकिडवे बसले.

सारं गाव त्यांना जवाई म्हणे. बायकोचं माहेर आमच्याच गावातलं, लग्नानंतर ते इथेच राहिले, आणि साठीला आले तरी ते नाव सुटलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट चहा उशिरा आला, दुकानात सुटे नसले, ग्रामसभेत कोणी बोलू दिलं नाही, की ते छातीवर हात ठेवून म्हणत, "जवायाचा असा अपमान?" कोहमाऱ्यापासून नवेगाव बांधपर्यंत आपल्यासारखा ट्रॅक्टरवाला नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मी शाळेतून निवृत्त झालेला, पुस्तकं घेऊन ओसरीत बसणारा माणूस. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते कोणी म्हणत नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो आहे.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. जोरात बोलणारा आणि सावकाश काम करणारा.

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी ते त्याच्याभोवती एक फेरी मारत, वाकून चाकांखाली पाहत, मगच चावी लावत. सावलीला बकरी बसलेली असते, कोंबडी असते, कधी कोणाचं लेकरू असतं. गल्लीतल्या बायका विचारत, "काऊन जवाई, वडाले फेरे घालून रायले का?" ते म्हणत, "बायको माह्यासाठी घालते, मी याच्यासाठी घालतो. कोणाचं काही रायते का बाकी?" मडगार्डवर ते कोणालाही बसू देत नसत. एकदा त्यांचे सख्खे साडू बसले, तर यांनी ट्रॅक्टर बंद केला आणि ते उतरेपर्यंत विडी ओढत राहिले. साडू सहा महिने बोलत नव्हते. "बोलत नाही, पण हातपाय शाबूत आहेत ना," असं ते मला म्हणाले होते.

आता त्या सकाळकडे येतो. धानाची रोवणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. रोप लावण्याआधी पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल करावा लागतो. त्या चिखलात रबरी चाक जागच्या जागी फिरत राहतं, म्हणून त्याला बाहेरून पिंजऱ्यासारखं लोखंडी चाक जोडतात. बांधीत ते फार उपयोगाचं. रस्त्यावर मात्र ते सिमेंटचे टवके उडवतं, आणि त्याच्या सळ्यांत अडकलेला चिखल ढेकळाढेकळांनी पडत जातो. ते काढून पुन्हा लावायला वेळ जातो आणि रोवणीच्या दिवसांत वेळ कोणाजवळच नसतो. म्हणून आमच्याकडचे ट्रॅक्टरवाले एका बांधीतून दुसऱ्या बांधीत त्याच चाकांनी, गावातून, घरांच्या दारांवरून जात.

आदल्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याने तेच केलं होतं. रस्त्यावर सांडलेला चिखल त्याने जाताना पायाने एका घराच्या दारासमोर लोटला आणि तो निघून गेला. संध्याकाळी पाऊस झाला, चिखल पसरला आणि अंगणवाडीच्या ताईंची स्कूटी त्यावर घसरली. ताईंचा हात मोडला. सकाळी किराणा दुकानवाल्या मोतीरामने आपली बंडी आणून गल्लीत आडवी केली. आता एकही ट्रॅक्टर आत जाणार नाही, असं गल्लीने ठरवलं.

गल्लीचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण गल्लीमागे ज्या बांध्या होत्या, त्यांना दुसरी वाट नव्हती. त्यातली एक धुर्पताबाईंनी ठेक्याने केली होती. त्यांचे परे, म्हणजे लावायची रोपं, तयार होऊन बरेच दिवस झाले होते. आणखी थांबलं तर ती रोवून काही उपयोग नव्हता, आणि बांधी रोवली गेली नाही तर वर्षभराचा तांदूळ घरात येणार नव्हता. त्या बंडीच्या पलीकडे, पदर खोचून उभ्या होत्या.

मोतीराम म्हणाला, "तुमच्यासंग भांडण नाही जवाई. पण ट्रॅक्टर अंदर जाणार नाई."

"बंडी आणली हे बरं केलं," चाकाचे नट सोडता सोडता ते म्हणाले. "मले तेच पायजे होती."

"कायले?"

"चाकं न्याले. नाही तं जवायानं काय खांद्यावर न्यावं?"

लोक हसले नाहीत. मग जवायांनी आपलं म्हणणं सांगितलं. लोखंडी चाकं बंडीवरून बांधीच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे कडेच्या बांधापर्यंत, न्यायची आणि तिथेच लावायची. काम झालं की तिथेच काढायची, पाटाच्या पाण्यात रबरी चाकं आणि फण धुवायचे, मगच गल्लीत यायचं. तरीही काही सांडलं तर ते घमेल्यात भरून परत बांधीत न्यायचं. कोणी तरी मागून म्हणालं, बोलायला सोपं आहे, एक ढेकूळ पडलं तर उद्यापासून सायकलसुद्धा जाऊ देणार नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आपला चिखल आपल्या बांधीत."

मोतीरामने ताईंच्या ओसरीकडे पाहिलं. ताई प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. निर्णय त्यांच्यावर आला आहे हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

ताई म्हणाल्या, "धुर्पताबाईची बांधी पडीत रायली तं माहा हात जुडणार आहे का? जाऊ द्या. पण मी इथंच बसून पाहून राहीन."

"पाहा ना ताई," ते म्हणाले. "पाहासारखंच काम आहे माहं."

बंडीला बैल जुंपले गेले. मोतीराम स्वतः हाकायला बसला, मागे लोखंडी चाकं, आणि त्यांच्या मागून ट्रॅक्टर, चालणाऱ्या माणसाच्या गतीने. एरवी गल्लीत ट्रॅक्टर आला की बायका दारं लोटून घेत. त्या दिवशी दारं उघडी राहिली.

दिवसभर मागून इंजिनाचा आवाज येत होता. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण पान उलटलं नाही. दुपारी बाजूच्या गावचा एक ट्रॅक्टरवाला बंडी पाहायला येऊन गेला आणि असं काम केलं तर दिवाळीपर्यंत रोवणी चालेल, असं म्हणून गेला. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. त्या दिवशी एरवीपेक्षा कमी काम झालं.

संध्याकाळी गल्ली बाहेर आली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. ट्रॅक्टर वळणावर दिसला, धुतलेला, दिवे लावलेला. वळणावर त्यांनी तो थांबवला, पुढे येऊन रस्ता पाहिला आणि परत जाऊन बसले. मग सावकाश निघाले. ताईंच्या घरासमोर फणाच्या सांध्यातून मातीचा एक गोळा सुटला आणि सिमेंटवर पडला. मूठभरच असेल. सगळ्यांनी पाहिला.

ते ट्रॅक्टर बंद करून उतरले. गोळा हाताने उचलून घमेल्यात ठेवला, बाटलीतलं पाणी ओतून ती जागा पंच्याने पुसली आणि कमरेवर हात ठेवून ताईंसमोर उभे राहिले.

"कापूस आणा ताई, फिरवून पाहा. काही लागते का?"

ताई हसायला लागल्या. मग मोतीराम हसला आणि मग सारी गल्ली. घमेलं घेऊन ते चालत बांधीकडे परत गेले. आल्यावर कोणी चहा दिला, कोणी पोहे. धुर्पताबाईंनी काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पऱ्यांच्या पेंड्या घेऊन बांधीत उतरल्या, आणि रोवणाऱ्या बायकांची गाणी आमच्या ओसरीपर्यंत ऐकू आली. मागच्या सगळ्या बांध्या त्या हंगामात रोवल्या गेल्या, एकही सुटली नाही.

बाकीचे ट्रॅक्टरवाले आठवडाभर कुरकुरले. पण बंडीवाल्या गल्लीत दुसरा मार्ग नव्हता, आणि मग इतर गल्ल्याही तेच मागू लागल्या. पुढल्या वर्षी सगळ्यांनी मिळून धुऱ्याजवळ चाकं ठेवायला जागा केली. तिथे गेलं की जवाई म्हणत, "ही माही शाळा आहे गुरुजी. तुमच्याहून जास्त पोरं पास केली." मी ते मान्य करत असे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. गोंदियाला नेलं, दोन दिवस ठेवलं, घरी आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते झोपून होते आणि सुनेला सांगत होते की चावी लावण्याआधी फेरी मारायची, आणि मडगार्डवर नवरा बसला तरी उतरवायचा. सून मान डोलावत होती. मला पाहून म्हणाले, "हिले माह्याइतकं येणार नाही. पण बाकीच्यांपेक्षा बरं येईन." त्या आठवड्यातच ते गेले.

यंदा मागच्या बांध्यांची चिखलणी सुनेने केली. तिथे धान उभं आहे. ताईंची स्कूटी रोज त्या रस्त्याने जाते. रस्ता स्वच्छ आहे.