पांढऱ्या दोऱ्याचा टाका

साडी विकणं सोपं. विकलेली साडी परत न घेणं अवघड.

मी बारा वर्षं साड्या विकल्या, दुकानाशिवाय. नवऱ्याची पिठाची गिरणी बंद पडली तेव्हा सुरुवात केली. परभणीच्या ठोक दुकानातून माल आणायचा आणि घरी गठ्ठे बांधायचे. बोरीच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायच्या : हिरव्यात चार, काठ मोठा. मी त्याच्याच हाती गठ्ठा पाठवायची. गठ्ठा पसंतीसाठी दोन दिवस त्यांच्या घरी राहायचा. आवडल्या त्या ठेवायच्या, बाकीच्या परत.

दोन दिवसांत साडीचं काय काय होतं ते मला पहिल्याच वर्षी कळलं. एकीनं जरीची साडी परत पाठवली, रंग अंगाला खुलत नाही म्हणून. घडी उलगडली तर अक्षता खाली पडल्या. साडी लग्न लावून आली होती. दुसरीनं पोलक्याचं कापड कापून घेतलं आणि उरलेली साडी लांबीला कमी भरते म्हणून माघारी धाडली. एक म्हातारी तर सहा महिन्यांनी विटलेली साडी घेऊन दारात.

"रंग गेला. बदलून दे."

"आजी, सहा महिने नेसलात की."

"मग नेसल्याबिगर रंग जातो का न्हाई ते कळावं कसं?"

तेव्हा मी टाका घालायला लागले. पदर उलगडून बघता येईल एवढा मोकळा ठेवायचा आणि बाकीच्या घडीचे सगळे थर एकत्र घेऊन पांढऱ्या दोऱ्यानं एकच टाका घालायचा, गाठ आतल्या बाजूला. टाका शाबूत असेल तर साडी बिनबोभाट परत घेईन, तुटला तर साडी तुमची. काहीजणी नेसून झाल्यावर पुन्हा टाका घालून पाठवायच्या, पण गाठ बाहेर राहायची. मी गाठ दाखवली की म्हणायच्या, "उंदरानं कुरतडलं बाई, म्या शिवून ठिवलं." शरमायची एकही नाही. तरी टाक्यामुळं माझा धंदा टिकला. "तिचा टाका हाय ना, मग कोरी हाय," असं बायका बोलायला लागल्या.

गावच्या उपकेंद्रात एक नर्सबाई होत्या. माझी धाकटी पायाळू. रस्त्यावर गुडघाभर चिखल, एस.टी. बंद, आणि मी सकाळपासून अडलेली. नर्सबाईंनी दोन्ही जीव सोडवले. त्या बौद्ध होत्या. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळाली ते दिवस फार मागं गेलेले नव्हते. आमच्या गावात काही जळलं नव्हतं, एवढ्यावरच आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो.

आमच्याकडं रीत आहे. नव्या साडीची घडी आधी दुसऱ्या बाईला मोडायला द्यायची, म्हणजे पहिल्यांदा तिनं नेसायची आणि मग आपण. ही बाई आपल्या मनातली असावी लागते, जिच्या हाताला यश आहे अशी. धाकटी वर्षाची झाली तेव्हा मी स्वतःसाठी एक मोरपंखी साडी काढून ठेवली आणि घडी मोडायला नर्सबाईंकडं नेली.

"वैनी, मला कशाला? लोकं बोलतेत."

"लोकांच्या साड्या मी विकते. माझी कुणी नेसावी ते मी ठरवीन."

मोठं वाक्य होतं. बोलताना मला बरंही वाटलं.

त्यांनी साडी एक दिवस नेसली. नेमका तो लसीकरणाचा दिवस निघाला. सगळ्या गावानं मोरपंखी साडी पाहिली आणि ती माझी आहे हेही सगळ्यांना कळलं, कारण पाण्याच्या टाकीजवळ मीच चारचौघींना ते सांगितलं होतं. जोडीतली दुसरी मोरपंखी तेव्हा गावातल्या सर्वांत मोठ्या घरी होती. मालकीणबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि आहेराच्या सगळ्या साड्या त्यांनी माझ्याकडून नेल्या होत्या. एवढा मोठा गठ्ठा मी पूर्वी कधी बांधला नव्हता. ठोक दुकानात तशी जोडीजोडीनंच साडी मिळते, पण तेवढं थांबून कोण विचारतं?

तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंचं बोलावणं आलं. गठ्ठा ओसरीवर, सुतळी सोडलेली. त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. दोन जावा आणि सून मागं उभ्या.

"घेऊन जा हे समदं."

"काय झालं? एखादी खराब निघाली का?"

सुनेनं मोरपंखी साडी काठीच्या टोकानं माझ्याकडं सरकवली. "ही नर्सच्या अंगावर व्हती, सासूबाईंनी डोळ्यानं बघितली. आमच्या पावण्यांना तिची उतरलेली साडी नेसवायची का?"

"ती वेगळी. ती माझी होती. हिचा टाका बघा, शाबूत हाय. गाठ आत हाय."

"टाका तुझाच, दोरा तुझाच," धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "पुन्हा घालायला किती येळ लागतो तुला?"

बाकीच्या दोघी हसल्या. ज्या टाक्यावर माझा धंदा उभा होता, तो त्यांनी एका वाक्यात उसवला. त्यात माझी अडचण अशी की माझाच नियम माझ्या अंगावर आला होता. एकाही साडीचा टाका तुटलेला नव्हता, म्हणजे गठ्ठा परत घेणं मला भागच होतं. आणि त्या घरून परत आलेला गठ्ठा कुठल्याच घरानं दारात घेतला नसता. घरात दोन मुली होत्या, नवरा रिकामा होता. बारा गावांत पाय ठेवायला जागा राहिली नसती.

मालकीणबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "हे बघ, तू काही वाईट बाई न्हाईस. तू तिला साडी दिलीस का तिनं आपल्या मनानं उचलून नेसली, एवढंच सांग. दिली म्हणलीस तर गठ्ठा उचल. तिनंच नेसली म्हणलीस तर इषय संपला, गठ्ठा राहू दे. मी बायकांना सांगते."

त्यांना खरं माहीत होतं. मलाही माहीत होतं की त्यांना ते माहीत आहे.

मी म्हणाले, "घरात काढून ठेवली होती. तिनं न विचारता नेसली."

"मला वाटलंच," मालकीणबाई म्हणाल्या आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यायले.

गठ्ठा राहिला. फक्त मोरपंखी साडी परत आली, आणि ती मी निमूट घेतली. संध्याकाळपर्यंत माझं वाक्य उपकेंद्रापर्यंत पोचलं असणार. आमच्याकडं असली वाक्यं पोचवायला एस.टी. लागत नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी नर्सबाई आल्या. माझी साडी त्यांच्याकडंच होती. धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणली होती. उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यांनी ती पुढं केली. पूर्वी त्या सरळ चुलीपाशी येऊन बसायच्या.

"आत या की," मी म्हणाले.

"न्हाई. डोस द्यायला जायलेय." मग म्हणाल्या, "घडी मोडलेली तुमी परत घेत न्हाई, ठाऊक हाय मला. पण ही घ्या."

धाकटी त्यांना बघून रांगत आली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पण उचललं नाही. त्या वळून निघून गेल्या. पुढं बदली होईपर्यंत त्या माझ्या दारात आल्या नाहीत. साड्या त्या परभणीहून आणायच्या.

त्या गेल्यावर मी साडी उघडायला घेतली. घडीत पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका होता. सगळे थर एकत्र घेतलेले, पदर मोकळा. मी गाठ शोधली. गाठ आतल्या बाजूला होती. माझ्याकडं बसून त्या किती वेळा मला टाके घालताना बघत असत.

ती साडी मी नेसणं शक्य नव्हतं आणि घरात ठेवून रोज बघणंही शक्य नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती गठ्ठ्यात घातली आणि दोन एस.टी. बदलून सोनपेठच्या बाजाराला गेले. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. एका बाईनं नेमकी तीच उचलली. शेळी विकून आली होती, खूश होती. तिनं काठ पाहिला, पदर पाहिला, मग बोटानं टाका चाचपला.

"कोरी हाय ना बाई?"

"टाका दिसत नाही का?" मी म्हणाले.

तिनं साडी छातीशी धरली. "बरं झालं. माझ्या भावजयीला घडी मोडायला देणार हाय."