नागपूर पकडणारा रेडिओ आणि बाबांची पेटी

बाबा आज सकाळी गेले.
साठ वर्षं एका लोखंडी पेटीचं ओझं मनावर घेऊन जगले, आणि आज गेले.

तुम्ही सगळे त्यांना मजबूत माणूस म्हणून ओळखता. प्लांटमधले फिटर. घरातलं स्टूल जरा हललं की त्याला नटबोल्ट मारणारे.
ही पोस्ट मात्र त्यांच्या एका चुकीची आहे. आज नाही लिहिली तर माझ्याने कधीच लिहिली जाणार नाही.

तेव्हा भिलाईचा पोलादाचा प्लांट अजून वाढत होता. आम्ही कॅम्प-१ या कामगार वस्तीत राहायचो. मी सात वर्षांची.
आई नागपूरकडची, उमरेडजवळच्या खेड्यातली. माझा धाकटा भाऊ आधी पोटात, मग अंगावर, त्यामुळे दोन वर्षं तिला माहेरी जाता आलं नव्हतं. शेजारी पंजाबी, बंगाली, मल्याळी. दिवसभर मोडकंतोडकं हिंदी बोलून तिचा जीव कंटाळायचा.

तिला रेडिओ हवा होता. अट एकच.
"नागपूर लागलं पायजे."

बाबा तीन सुट्ट्या आम्हाला दुर्गच्या दुकानात घेऊन गेले. करंटवर चालणारा मोठा सेट नागपूर सहज ओढायचा, पण तो आमच्या ऐपतीबाहेरचा, वर छतावर तार बांधा. सगळ्यात स्वस्त ट्रान्झिस्टर खिशात मावायचा. त्यावर रायपूर ठणठणीत, नागपूरच्या जागी नुसती खरखर.
दुकानदार म्हणे, शाम को आइए, सब पकड़ेगा. बाबा ऐकेनात.
"संध्याकाळी तं कोनत्याबी रेडिओवर लांबचं लागते. भर दुपारी लागला तं खरा."

शेवटी मधला एक निघाला. चामड्याचं कव्हर, चार सेल. दुकानदाराने मागचं झाकण उघडून आतली काळी कांडी दाखवली. कांडी जितकी लांब, तितकं लांबचं स्टेशन म्हणे.
तरी नागपूर येईना. मग आईने तो हातात घेतला, दुकानाबाहेर उन्हात उभी राहिली आणि हळूहळू स्वतःभोवती फिरू लागली.
एका जागी मराठी आलं. बारीक, पण मराठी.
कापसाचे भाव सांगत होते. माझी आई रस्त्यात उभी राहून कापसाचे भाव ऐकत रडली.

घरी तिने खिडकीच्या कट्ट्यावर खडूने रेघ मारली. रेडिओ त्या रेघेवरच ठेवायचा, तोंड जरा इकडे नाही की तिकडे नाही.

कोजागिरीच्या आधी पोस्टकार्ड आलं. सुमनमावशी, आईची धाकटी बहीण, कोजागिरीला संध्याकाळी नागपूरच्या रेडिओवर भुलाबाईची गाणी, विदर्भात मुली कोजागिरीपर्यंत म्हणतात ती, म्हणणार होती. ती गाणी तिला आईनेच शिकवलेली.
आईने ते कार्ड आमच्या घरांच्या आख्ख्या लाइनीला वाचून दाखवलं. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांनाही.

आता मेहुणी रेडिओवर येणार आणि रेडिओ असा उघडा, धूळ खात? बाबांना ते पटेना. त्यांनी जाड पत्रा आणून पेटी बनवली. पुढे आवाजासाठी भोकं, बटणांसाठी भोकं, चार कोपऱ्यांत चार बोल्ट.
कोजागिरीच्या दिवशीच रेडिओ आत बसवला, बोल्ट कसले आणि मित्राकडून मागून आणलेला पाना परत देऊन आले. रायपूर लावून पाहिलं, वाजलं. जवळचं स्टेशन, पत्र्यातूनही वाजलं. बाबा खूश.

संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई नवी साडी नेसलेली.
वेळ झाली. काटा नागपूरवर आणला.
खरखर.

पेटी फिरवली. उचलून धरली. आईने ती रेघेवर नेऊन ठेवली. खरखरच.
कोणी म्हणालं सेल गेले, कोणी म्हणालं हवा खराब आहे. आभाळ तर स्वच्छ होतं. दिवसभर लोखंडात वावरणाऱ्या माझ्या बापाला कुणी सांगितलंच नव्हतं की लोखंड दूरचा आवाज आत येऊ देत नाही.
शेवटी इलेक्ट्रिशियन असलेले बंगाली काका म्हणाले, "इसको लोहे से बाहर निकालो."

बाबा अनवाणी धावले. मित्राचं घर तीन लाइनी पलीकडे. पाना घेऊन आले तेव्हा ठेचेने अंगठा फुटला होता.
चौथा बोल्ट निघाला, रेडिओ बाहेर आला, आणि आवाज लख्ख आला.

"...कुमारी सुमन आणि त्यांच्या मैत्रिणींनी म्हटलेली भुलाबाईची गाणी आत्ताच आपण ऐकलीत."

एवढंच.

आई म्हणाली, "होऊ द्या. पुढच्या वर्षी आयकू." आणि सगळ्यांना दूध द्यायला उठली.

त्याच थंडीत सुमनमावशी तापाने गेली. सतरा वर्षांची होती.

बाबा पेटी भंगारात द्यायला निघाले. आईने देऊ दिली नाही, तिच्यात कांदे भरले. त्या संध्याकाळबद्दल बाबा घरात पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. आईच्या रेडिओचे सेल मात्र त्यांनी कधी संपू दिले नाहीत.

मागच्या आठवड्यात, आमच्या आताच्या मोहन नगरच्या घरी, दुपारी मी त्यांना औषध देत होते. मला बाजूला सारून ते आईला म्हणाले,
"मी पेटी नसती बनवली तं तुले तिचा आवाज आयकाले भेटला असता."
साठ वर्षांनी.

आई त्यांच्या उशाशी बसली.
"तुमी धावले म्हून नाव तं आयकाले आलं न तिचं. मले थेच पुरलं."
बाबा खूप रडले. मीही.

आज सकाळी त्यांना आंघोळ घातली. आईने त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला. ते नख तेव्हापासून वाकडंच वाढायचं. सगळे थांबले होते, पण ती हात काढेना.

बाबा, आता सावकाश जा.
धावू नका.