चुंबळीवर तोललेलं छत

माझा स्वभाव संशयी. हे मी कधी लपवलं नाही. दूधवाल्यानं रोजच्यापेक्षा गोड आवाजात ‘बाई, बऱ्या हाय न्हवं?’ म्हटलं की आज पाणी जास्त, हे मी भांडं पुढं करायच्या आधीच धरून चालायची. वर्ग एकाएकी शांत झाला की फळ्यावर लिहायचं सोडून आधी मागं वळून बघायची. निपाणीत राहून हा स्वभाव सुधारायचं काही कारणही नव्हतं. आमच्या सीमाभागात दारात आलेला माणूस काय बोलतोय, यापेक्षा तो कुठल्या बाजूचा हे आधी बघतात. कन्नडातला फॉर्म आला की आमचा मराठी माणूस तो दोघांतिघांकडून वाचून घेतो आणि तरी सही करताना हात आखडतो. अशा गावात मी खपून गेले.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचं साल असेल. घरात मी, सासूबाई, आठ महिन्यांची मुलगी आणि आठवड्यातून एक दिवस नवरा. हे बेळगावात एका कचेरीत कारकून होते. अनगोळला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचे. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, सकाळची शाळा. सासूबाई तरुणपणी तंबाखूच्या वखारीत डोक्यावरून पोती वाहायच्या. वय झाल्यावर त्या घरीच मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला लागल्या. ह्यांचं शिक्षण त्या विड्यांवर झालं, आणि आम्ही राहत होतो ते घरही त्यांनीच उभं केलेलं होतं.

मुलगी जन्मली ती नाजूक छातीची. तिला खोकला सुरू झाला की चेहरा जांभळा पडेपर्यंत थांबायचा नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितली, माझ्या पदराचा वास घेतला आणि विचारलं, “घरात तंबाखू आहे?” मी हो म्हणाले. “मग औषध पाण्यात गेलं समजा. लेकराला त्यापासून लांब ठेवा, नाहीतर छाती कायमची धरेल.”

लांब म्हणजे कुठं? घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सासूबाईंचं सूप, आतल्या खोलीत पाळणा. मधली भिंत पुरुषभर उंच, तिच्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. दार लावलं तरी तंबाखूचा उग्र दर्प भिंतीवरून आत यायचा. शेवटी मी उपाय काढला. आतल्या खोलीला हार्डबोर्डचं सिलिंग मारायचं, म्हणजे वरची वाट बंद, आणि दुपारनंतर मधलं दार लावून घ्यायचं. मी शाळेत असेन तेव्हा सासूबाईंनी मुलीला सांभाळायचं, त्या वेळात सूप काढायचं नाही. मी आले की त्यांनी बाहेर विड्या वळत बसायचं. पुन्हा आत यायचं ते अंग धुऊन, लुगडं बदलून.

मी हे सांगितलं तेव्हा त्या विडीचं पान कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “घाल की. पोरीसाठीच हाय.”

एवढंच. ना आदळआपट, ना रडारड. आपल्याच घरात आपल्यावर दार लागणार म्हटल्यावर कुठली बाई इतक्या सहज ‘घाल की’ म्हणेल? माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

हे मात्र नेहमीसारखे ‘बरं’ म्हणाले. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या एका दुकानातून पाच तक्ते घेतले आणि दोन शनिवारी बसच्या टपावरून आणले. सुतारानं येऊन लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या. तक्ता आठ फूट लांब आणि जेमतेम पापडाएवढा जाड, मध्ये लगेच वाकायचा. तो वर धरायला दोघं आणि खिळे मारायला एक असं माणूसबळ लागणार होतं. सुतार म्हणाला, रविवारी सकाळी दोन गडी घेऊन येतो, जेवायच्या आधी काम उरकतो.

रविवारी उजाडता उजाडता सासूबाई डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडल्या. कुठं ते बोलल्या नाहीत. अर्ध्या तासानं परत आल्या त्या रिकाम्या हातानं.

“कुठं गेलता, आत्ती?”

“हितंच.”

माझ्याकडं बघितलं नाही. चहाही घेतला नाही. सूप ओढून खाली मान घालून बसल्या. मी मनाशी म्हटलं, खाई त्याला खवखवे.

नऊ वाजले, दहा वाजले, सुताराचा पत्ता नाही. हे दुसऱ्यांदा चहा मागून म्हणाले, “येत न्हाय वाटतं. ऱ्हाऊ दे, पुढच्या रविवारी बघू.” मी तशीच उठून सुताराच्या घरी गेले. त्याची बायको दारातच अडवून म्हणाली, “मळ्याकडं गेल्यात,” आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत राहिली. मळा! त्या माणसाला वीतभर जमीन नव्हती.

परत येताना गल्लीत दोन-तीन घरी विचारलं. तासभर हात लावायला कुणी येईल का? ओट्यावर चौघीजणी सुपं घेऊन बसलेल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “आमची चार पोरं सुपाशेजारीच रांगली, बाई. काय झालं न्हाय त्यास्नी.” दुसरी म्हणाली, “आता सासूला दाराबाहेर बसवनार म्हना की.” त्यांच्या नवऱ्यांना त्याच घटकेला कामं आठवली. आज कळतं की ज्या गल्लीचं पोट तंबाखूवर, तिथं तंबाखू नको म्हणून छत घालायला कोण कशाला येईल? पण तेव्हा मी ते सगळं सासूबाईंच्या खात्यावर टाकलं. सकाळी अर्ध्या तासात बाईनं अख्खी गल्ली फिरवली, असं माझं पक्कं झालं.

मग इरेला पेटले. ह्यांना म्हटलं, “उठा. आपण दोघं घालू.”

मेज ओढलं, त्याच्या पलीकडं स्टूल ठेवलं. एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं मी. आता खिळा कोण मारणार? मग मधे कपडे वाळत घालायची काठी लावून बघितली. मी हातोडी उचलली तोवर काठी सरकली, तक्ता मधोमध वाकला आणि ह्यांच्या खांद्यावर आपटून खाली आला. एक कोपरा तुटला. त्या आवाजानं मुलगी पाळण्यात दचकून उठली, रडली आणि रडता रडता तिला खोकला सुरू झाला. तिला उचलून छातीशी धरलं, पाठीवर हात फिरवला, तरी थांबेना. बाहेरून सुपातल्या तंबाखूचा वास येतच होता. हे म्हणाले, “म्हनूनच म्हनलं, पुढच्या रविवारी.”

माझा तोल गेला. मुलीला तशीच कडेवर घेऊन मी दारात जाऊन उभी राहिले.

“आत्ती, खरं सांगा. सुताराला येऊ नको म्हणून तुम्हीच सांगितलं न्हवं?”

सासूबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडं नाही, माझ्या मागच्या लेकाकडं बघितलं. हे खाली वाकून सांडलेले खिळे गोळा करत होते.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मीच सांगितलं.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायचं तर आनंद झाला. वकिलाला उलटतपासणीत साक्षीदार सापडावा तसा. मी ह्यांना म्हटलं, “ऐकलंत? आपल्या कानांनी ऐकलंत न्हवं?” हे म्हणाले, “जाऊ दे गं आता.”

सासूबाई उठल्या. मांडीवरचा भुसा झटकला, न्हाणीत जाऊन हातपाय धुतले, लुगडं बदललं. मग एका जुनेराला पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. वखारीत पोतं उचलायच्या आधी ठेवत असतील तशीच. आत आल्या आणि म्हणाल्या, “मेज मधी घ्या.”

साठीची बाई मेजावर चढली. आम्ही तक्ता उचलून त्यांच्या डोक्यावर टेकवला. त्यांनी मान ताठ केली, गुडघे हळूहळू सरळ केले आणि तक्ता वरच्या पट्ट्यांना जाऊन भिडला. मधे वाकला नाही की हलला नाही. ह्यांनी टोक धरलं, मी स्टुलावर चढून हातोडी घेतली.

“कडंनं न्हवं, आदी मधी मार. मधी बसला की कडा आपसूक बसत्यात.”

तसंच झालं. प्रत्येक ठोक्याला त्यांच्या मानेची शीर ताणायची आणि डोळ्यांत कौलांवरची धूळ पडायची, पण ‘थांब’ म्हणून त्यांनी एकदाही म्हटलं नाही. पाच तक्ते झाले. मधूनमधून खाली उतरून पाणी प्यायच्या, चुंबळ पुन्हा आवळायच्या आणि चढायच्या. मी मनात म्हणत होते, केल्या पापाची भरपाई चाललीय. चालू दे.

दुपारी काम संपलं. सासूबाईंनी एकदा वर बघितलं आणि म्हणाल्या, “आता दार लावून बघ, वास येतुया का.” पुढच्या खोलीत गेल्या आणि दार त्यांनीच बाहेरून ओढून घेतलं.

मी आतून कडी लावली. थोड्या वेळानं खोलीत नुसता बाळाच्या तेलाचा वास राहिला. त्या घरात आल्यापासून तंबाखूशिवाय दुसरा वास मला पहिल्यांदाच आला होता. मला इतकं बरं वाटलं की कडीपलीकडं बसलेल्या माणसाचा विचारही मनात आला नाही.

महिन्याभरात मुलीचा खोकला पुष्कळ कमी झाला. घराचीही एक रीत बसली. दिवेलागणीच्या सुमाराला सासूबाई काम आवरायच्या, अंग धुवायच्या, धुतलेलं लुगडं नेसायच्या आणि दारावर नखानं टकटक करून विचारायच्या, “येऊ का गं?” मी आतून ‘या’ म्हणायची आणि कडी काढायची. माझ्या त्या ‘या’मध्ये उपकार असायचा. मी अजून काही विसरले नव्हते. नातीला घेऊन त्या काही पुटपुटल्या तरी मी कान द्यायची, माझ्याविरुद्ध काही भरवत नाहीत ना म्हणून. नऊ-दहा महिन्यांच्या पोरीला!

मग एकदा बाजारात तो सुतार समोर आला. मला बघून वळायला लागला तर मी त्याला हाक मारून थांबवलं. “काय आप्पा, मळा कसा हाय?”

तो ओशाळला. “बाई, माझ्यावर राग धरू नका. शनवारी तुमचे साहेब बसमधनं उतरले ते स्टँडावरच भेटले. म्हनले, उद्या येऊ नको. आईला वाईट वाटतंय, आनि बायकोला न्हाय म्हनवत न्हाय. तूच आला न्हाईस म्हंजे आपसूक ऱ्हाईल. आता ज्यांचं घर त्यांनीच नको म्हनलं, मी काय करू?”

“आणि सासूबाई? त्या सकाळी आल्या होत्या ना तुझ्याकडं?”

“आलत्या की. बलवायला आलत्या. म्हनल्या, आप्पा, लवकर चल, पोरीचा खोकला बघवत न्हाय. मी खरं काय ते सांगितलं. ऐकून घेतलं आनि तशाच माघारी गेल्या.”

मी रिकामी पिशवी घेऊन वळले. ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, सासूबाईंवर, शेजारच्या बायकांवर, सुताराच्या बायकोवर. दोनदा चहा पिऊन ‘पुढच्या रविवारी’ म्हणणाऱ्या माणसावर मात्र घेतला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला माझी इतकी लाज वाटली की भाजी न घेताच घरी आले.

सासूबाई पुढच्या खोलीत विड्या वळत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले.

“आत्ती, तुम्ही का अंगावर घेतलंत?”

सुतार भेटला हे मी सांगितलं नाही. त्यांना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला, मग बोलल्या.

“त्यो आठवड्यातनं एक दिस येतुया. त्येचं नाव घेतलं असतं तर तुमची दोघांची जुंपली असती, आनि त्यो एक दिस बी गेला असता. माझ्यावर राग धरलास तर धर. मी हाय की हितंच रोज.” पुढचं पान उचलत म्हणाल्या, “शनवारी त्येला काय बोलू नगंस. भित्रा हाय त्यो. ल्हानपनापास्नं.”

माझ्यासारख्या बाईनं तोंड मिटून बसणं सोपं नव्हतं. पण त्या शनिवारी मी बोलले नाही, आणि पुढंही कधी नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मी मुलीला घेऊन आत बसले होते. दार लावलेलं होतं, ते लावावंच लागायचं. पण कडी काढून ठेवली होती, म्हणजे त्यांनी नुसतं ढकलून यावं. न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला, पावलं दारापर्यंत आली. मी वाट बघत होते. दार काही हललं नाही. मग नखाची टकटक झाली.

“येऊ का गं?”

मी उठून दार उघडलं. “कडी काढलीया, आत्ती. विचारता कशाला? घर तुमचंच हाय.”

त्या धुतलेल्या लुगड्यात, ओल्या हातांनी उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या होत्या. नातीकडं बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं. आता सवय झाली.”

मुलगी पुढं चालायला लागली, शाळेत गेली, तिचा खोकला कधीच मागं पडला. सासूबाईंनी विड्या वळायचं सोडलं, मग दार दिवसभर सताड उघडं असायचं. तरी त्या उंबऱ्याशी थांबायच्या आणि विचारायच्या.