नातीचं मत आणि माझी सही

पाकिटावर तिकीटच नव्हतं. माझा पहिला संशय तिथूनच सुरू झाला.

दाराच्या फटीतून पडलेली पत्रं उचलायचं काम इथं परदेशात, ओंगारच्या आमच्या घरात, माझ्याकडे. मुलगा ऑफिसात, सून आठवड्यातले चार दिवस दूर कासलबार गावी हॉस्पिटलात ड्युटीवर, नात कॉलेजात. त्या दिवशी पिझ्झाच्या जाहिरातींत हे लांबडं पांढरं पाकीट आलं. अमेरिकेहून, नातीच्या नावानं, आणि तिकिटाच्या जागी नुसतंच काहीतरी छापलेलं. आता तुम्हीच सांगा, एवढा समुद्र ओलांडून फुकट पत्र कोण पाठवतं?

नात जन्मली अमेरिकेत. मुलाची नोकरी तेव्हा तिथं होती. ती सहा वर्षांची असताना सगळे इकडे आले, पण जन्म तिथला म्हणून पोर तिथली नागरिक राहिली. मुलगा सांगतो, अमेरिकेचा नागरिक जगात कुठंही राहो, कमवायला लागला की तिथल्या सरकारला दरवर्षी कागद भरून कळवायचं. मला हे ऐकूनच कसंतरी झालं होतं. सोडून आलेल्या माणसावर इतकी नजर कशाला?

आणि आता पोरीला अठरावं सरलं, तर मत द्यायचं होतं. महिनाभर आधी जेवताना तिनं जाहीर केलं. ती बोलते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. मी माझ्या भाषेत लिहिते.

“मतपत्रिका घरी येते, आजी. भरायची आणि परत पाठवायची.”

“घरी? आणि कुणी धाक दाखवून भरून घेतली तर? बोटाला शाई?”

“शाई नाही.”

“मग एकीनं दोनदा दिलं तर कळणार कसं?”

मुलगा हसायला लागला. “आई, जेवू दे तिला.”

पण मी सोडते होय? इथं कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणुकीत आमच्यासारख्या बाहेरच्यांनाही मत आहे. मी दिलंय. शाळेत जायचं, पेन्सिलीनं नावांपुढे पसंतीप्रमाणे एक-दोन-तीन लिहायचं, आणि मोजणी चारचौघांसमोर. उमेदवार स्वतः दारात येऊन रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलून जातो. अमेरिकेचं तसं नाही. नातीनं मला समजावलं की प्रत्येक राज्याला ठराविक प्रतिनिधी असतात, राज्यात ज्याला जास्त मतं त्याला बहुतेक ठिकाणी ते सगळेच्या सगळे मिळतात, आणि ते मिळून अध्यक्ष ठरवतात.

“म्हणजे देशभरात जास्त मतं मिळालेला माणूस हरू शकतो?”

“हो. हरलेत.”

“आणि लोक गप्प बसले?”

“नियमच तसा आहे ना.”

“कुणी केला नियम? जिंकलेल्यानंच केला असणार.”

“अडीचशे वर्षं होत आली, आजी! आणि आमच्या राज्यात फरक अगदी थोड्या मतांचा असतो. माझं मत खरंच उपयोगाचं आहे.”

तिनं ‘आमच्या राज्यात’ म्हटलं. तिथलं हिला आठवतं काय, तर बर्फात अडकलेली शाळेची बस.

त्यामुळे ते पाकीट काय आहे हे मला कळलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. निवडणुकीचा शब्द वाचता येण्याइतकं इंग्रजी मला येतं. पण आमच्या फिरायच्या मैत्रिणीनं, नागपूरकर काकूंनी, नुकतंच सांगितलं होतं की तिथं मतांच्या कागदांवरून भांडणं चाललीत, कुणाचं नाव कुठल्या यादीत जाईल सांगता येत नाही. मला वाटलं, मुलाला आधी दाखवावं. पाकीट मी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथं कपाटाला प्रेसच म्हणतात, भाजणीच्या डब्यामागे ठेवलं.

मुलाला दाखवायचं राहिलं. खरं म्हणजे मी राहू दिलं.

“आजी, माझं पोस्ट आलं?” ती रोज विचारायची.

“नाही गं.”

एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी तेच सोपं जातं. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी तिनं तिथल्या निवडणूक कचेरीला ईमेल केली. उत्तर लगेच आलं. कुणीतरी बाई होती, भली वाटली. मतपत्रिका केव्हाच पाठवलीय, हवं तर ती रद्द करून दुसरी पाठवते, पण पोस्टानं वेळेत परत पोचेल का सांगता येत नाही, असं तिनं लिहिलं होतं. निवडणुकीला नऊच दिवस उरले होते आणि त्या राज्यात भरलेला कागद त्या दिवसापर्यंत हातात पडावाच लागतो.

नात टेबलाशी बसली होती. डोळे लाल.

“मुद्दाम केलंय त्यांनी,” ती म्हणाली. “बाहेर राहणाऱ्यांची मतं नकोच आहेत त्यांना. त्या बाईनं पाठवलंच नसणार. नुसतं पाठवलं म्हणून लिहिते.”

मी शेंगदाणे सोलत होते. हात थांबला. ही माझीच भाषा होती, माझ्याच तोंडची. आणि आळ येत होता कुण्या परक्या गावातल्या बाईवर, जिनं आपलं काम चोख केलं होतं.

मी उठले, प्रेस उघडलं, डबा सरकवला आणि पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं, उघडलेलं तर नाही ना म्हणून.

“कधी आलं?”

मी सांगितलं.

“का?”

“मला वाटलं फसवणूक असेल.”

“मग मला विचारायचं! माझ्या नावाचं होतं, आजी.”

तिनं बापाला फोन लावला. तो म्हणाला, कुरिअर कर, आजच, पाचच्या आत. पण पाकिटात आणखी एक भानगड निघाली. त्या राज्यात मत देताना एक साक्षीदार लागतो. तिनं दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय, गुप्तपणे मत दिलं, असं त्यानं सही करून सांगायचं. परदेशातल्या मतदारासाठी तो अमेरिकेचा नसला तरी चालतो. घरात दोघीच होतो आणि साडेतीन वाजले होते.

“आजीची सही घे,” फोनमधून मुलगा म्हणाला.

नातीनं माझ्याकडे बघितलं. “हिची?”

तो एक शब्द मला अजून टोचतो.

मी तिच्यासमोर बसले. तिनं मध्ये कॉर्नफ्लेक्सचा खोका उभा केला आणि त्याच्या आड खुणा केल्या. दोनदा मान वर करून मी बघत नाही ना याची खात्री केली. मी खिडकीबाहेर बघत होते, मान दुखेपर्यंत. मग तिनं कागद आतल्या पाकिटात घालून ते चिकटवलं आणि पेन माझ्याकडे सरकवला.

“थांब. काय लिहिलंय ते वाचून दाखव आधी.”

“आजी, साडेतीन वाजून गेले!”

“न वाचता मी सही करत नाही.”

तिनं दातओठ खात वाचलं. मी सही केली. माझी सही मराठीत. झाल्यावर ते दोघींच्याही लक्षात आलं. तिनं सूचनांचा कागद वरपासून खालपर्यंत चाळला. सही कुठल्या भाषेत हवी ते कुठंच नव्हतं. खाली नाव आणि पत्ता मी इंग्रजीत लिहिला, एकेक अक्षर जपून.

“मी येऊ का बरोबर कुरिअरला?”

“नको. आय अॅम ग्रँड.” म्हणजे इथल्या बोलीत, माझं मी बघते. पाकीट स्वेटरच्या आत घालून ती बस पकडायला पळाली.

पुढचे दिवस मला फक्त माझी सही दिसायची. त्या कचेरीतली बाई ती बघून म्हणेल, ही कसली वेलबुट्टी, आणि टाकेल बाजूला. पोरीचं पहिलं मत, आणि तेही दोनदा माझ्यामुळेच बुडायचं.

पाचव्या दिवशी नातीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. कचेरीचा निरोप होता, मत पोचलं, स्वीकारलं.

“माझी सही वाचता आली त्यांना?”

“वाचली कुठली असेल. आहे का, एवढंच बघितलं असणार.”

“मग ती साक्ष खरी कशावरून? मी डोकावले असते तर?”

“तू लिहून दिलंस ना, नाही डोकावलीस म्हणून. धरलं त्यांनी खरं.”

मी चष्मा लावला आणि म्हटलं, तो निरोप परत एकदा उघड बघू.