वकीलसाहेबांची हत्यारं

चांदपाशाला मी मूर्ख म्हणते, आणि तोंडावर म्हणते. लातुरात आमच्या घराखालच्या गाळ्यात त्याचं गॅरेज. उभ्या आयुष्याचा शेजार आहे, तेवढा हक्क आहे मला. पण इतका इमानदार मूर्ख मी दुसरा पाहिला नाही, हेही सांगून टाकते.

हणमंतराव वकिलांकडे एक जुनी इंग्रजी गाडी होती. दोघांपुरती, कापडी टपाची, जमिनीला टेकलेली. गावात तिला हात लावू शकणारा चांदपाशा एकटाच. गाडीसोबत विलायतेहून आलेली तिची स्वतःची हत्यारं होती. खाकी कॅनव्हासची गुंडाळी, तिच्यात प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा, शिवाय छोटा जॅक, ग्रीसची पिचकारी आणि तांब्याच्या तोंडाचा एक हातोडा. त्या गाडीच्या चाकाला मधोमध एकच मोठा चकचकीत नट असायचा. लोखंडानं ठोकला तर त्याला चरे पडतात, म्हणून तांबं. आता हे मला कशाला माहीत असायला हवं? पण त्यानं इतक्यांदा ऐकवलं, की पोळ्या लाटता लाटता पाठ झालं.

दसऱ्याला वकिलांकडे ही हत्यारं पुजायचे. त्याआधी चांदपाशा ती गाळ्यात आणून गंज पुसायचा, तेल लावायचा. त्र्याण्णव साली वकिलीणबाई म्हणाल्या, पितृपक्षात लोखंडाचं काम नको, आधीच उरकून घे. म्हणून गणपती बुडाले त्या दिवशीच ह्यानं गुंडाळी आणली. दुसऱ्या पहाटे भूकंप झाला.

आमचं लातूर नुसतं हाललं. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली. चांदपाशा तिकडं ढिगारे उपसायला पळाला. इकडं वकिलांच्या भिंतीला तडा गेला आणि बाईंनी हायच खाल्ली. तिसऱ्या दिवशी दहावीतल्या लेकीला मधे दाटीवाटीनं बसवून दोघं त्याच गाडीनं पुण्याला निघून गेले. चांदपाशा परत आला तर दाराला कुलूप. आल्या आल्या त्याला काळजी कसली, तर साहेब जॅकशिवाय गेले, वाटेत पंक्चर झालं तर काय करतील! लोकांची घरं पडलेली, आणि ह्याचं हे. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हापासून ती गुंडाळी अमानत झाली. येतील वकील आज ना उद्या, म्हणायचा. आमच्या ह्यांनी, वसंतरावांनी, पत्र टाकतो म्हटलं तर नको म्हणाला. अमानत मागतील तेव्हा हातात द्यायची. आपण होऊन ‘घेऊन जा’ म्हणायचं म्हणजे ओझं झालं असं सांगणं, तो तगादा झाला. बापानं शिकवलेलं, ते दगडावरची रेघ. मग दर दसऱ्याला तो हत्यारं घासूनपुसून माझ्याकडं वर आणायचा. वकिलांकडं त्यांना हळदकुंकू लागायचं, ते चुकू नये म्हणून. मी लावायची. मला वाटायचं, पुण्य पडतंय पदरात. कसलं पुण्य न् काय! मी त्याला जास्तच बांधून घालत होते.

शहाण्णव साली हैदराबादेतून बोलावणं आलं. जुन्या गाड्यांचा शौक असलेला कोणी मोठा माणूस, राहायला घर देतो म्हणाला, वर्कशॉप देतो म्हणाला. बानोनं, म्हणजे ह्याच्या बायकोनं, भांडीसुद्धा बांधली होती. आणि ऐन वेळी हा अडून बसला. वकील आले आणि गाळा बंद दिसला तर? मी म्हटलं, आमच्याकडं ठेव गुंडाळी. तर म्हणे, अमानत दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत न्हाई. भांडी सुटली. बानो माझ्यापाशी बसून रडली.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आम्हीही घरावर दोन मजले चढवून मुलींचं हॉस्टेल काढलं. पोरींच्या सायकली, स्कूट्या सगळ्या गाळ्यापुढं. चारचाकी आत शिरायला वाट उरली नाही आणि चांदपाशा स्कूट्यांची पंक्चरं काढत बसला. ज्याला गाडीचा नुसता आवाज ऐकून दुखणं कळायचं, तो माणूस! उजमा, त्याची लेक, नांदेडला शाळेत लागली. बानोही तिच्याकडं गेली. तुमचे वकील आले की या, म्हणाली. तो महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीनं जायचा आणि संध्याकाळी परत. मुक्काम नाहीच. एकदा मात्र पायरीवर बसून म्हणाला, “वैनी, जीव गुदमरून राहिलाय हितं.” मी चिडून म्हटलं, मग जा ना बाबा. तो नुसता गुंडाळीकडं बघत राहिला.

बावीस वर्षं गेली. एका जूनमध्ये पुण्याची एक बाई लेकीला घेऊन तिच्या अकरावीसाठी खोली बघायला आली. बोलता बोलता म्हणाली, मी मूळची इथलीच, हणमंतराव वकिलांची भार्गवी. माझे हात कणकेचे होते, तसेच घेऊन मी जिना उतरले.

चांदपाशा शर्ट बदलून वर आला. त्यानं गुंडाळी उलगडून एकेक हत्यार तिला दाखवलं. एकही कमी नव्हतं, एकावरही डाग नव्हता. भार्गवीचे डोळे भरून आले. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, म्हणाली. मग सहज म्हणाली, “पण काका, गाडी तर बाबांनी पुण्याला गेल्यावर महिन्याभरातच विकली. ह्या हत्यारांचं घरात कधी कुणी नावसुद्धा काढलं नाही. तुमच्याकडंच राहू द्या.” तिनं त्याला वाकून नमस्कार केला. वाईट नव्हती हो पोरगी. नंतर मला गरम पाण्याच्या वेळा विचारायला लागली, आणि लेकीला त्याच दिवशी खोलीवर ठेवून गेली.

दुपारी मी खाली गेले. तो नुसताच बसला होता. मी म्हटलं, सुटलास बाबा एकदाचा. आता गाळ्याला कुलूप घाल आणि नांदेड गाठ, बानो वाट बघतेय.

“तिला काय सांगू, वैनी?” तो म्हणाला. “बावीस वरसं कुणी मागितलंच नव्हतं, हे सांगू?”

 मग त्यानं हात जोडले आणि म्हणाला, तुम्ही बी सांगू नका.

संध्याकाळी बानोचा फोन आला. पावसापाण्याचं बोलली, उजमाचं बोलली, आणि मग तिनं विचारलं, वकिलांकडचं कोणी फिरकलं का. भार्गवीची लेक माझ्यासमोरच पहिल्या पंगतीत जेवत होती. मी तिच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, “न्हाई गं बानो. अजून कोणी आलं न्हाई.”